कुत्र्याने काय गिळलं

कुत्रं टेबलावर थरथरत उभं होतं आणि सारखे आवंढे गिळत होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट दाबून पाहिलं आणि काय गिळलंय ते विचारलं.

"चिंधी असेल एखादी," शिंपी म्हणाला. "दुकानात काय, चिंध्याच पडलेल्या असतात."

डॉक्टरीणबाईंना 'असेल' चालणार नव्हतं. चिंधी असली तर इंजेक्शन देऊन लगेच उलटी करवता येते. पण शिंप्याचं दुकान म्हणजे सुया-टाचण्या आल्याच. सुई असली तर ती वर येताना घसा फाडील, मग पोटच उघडावं लागेल. एक्स-रेचं मशीन नेमकं बिघडलेलं. त्यांनी स्पष्टच सांगितलं, डोळ्यांनी पाहिलं असेल तर बोला, नाहीतर मला कापावं लागेल, आणि कुत्रं म्हातारं आहे, भुलीतून उठेलच याची हमी मी देत नाही.

शिंपी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. शेजारी त्याची बायको कुत्र्याला धरून उभी होती. कुत्रं मुळात मुलीचं. ती बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली, त्या दिवशी त्याने तिची एकूण एक वस्तू घराबाहेर काढली होती, कुत्र्यासकट. वस्तू गेल्या. कुत्रं मात्र निर्लज्जासारखं परत येऊन दारात बसलं. तेव्हापासून घरात तिच्याबद्दल ब्र काढायची सोय नव्हती.

"कापा मग," बायको म्हणाली.

"कापू नका." शिंप्याने घसा खाकरला. "केसांचं रबर आहे. पिवळं सुती कापड, आत इलॅस्टिक. लोखंड नाही त्यात कुठं."

"नक्की का, काका?"

"मीच शिवलंय. पोरगी शाळेत होती तेव्हा." मग बायकोकडे न बघता तो पुटपुटला, "मशीनच्या खणात असतं. दुपारी हातात घेऊन बसलो होतो, डोळा लागला. जागा झालो तेव्हा हे शेवटचं टोक गिळत होतं."

आजवर बायकोला वाटायचं, झुरतोय ते आपण एकट्याच, हा माणूस दगड आहे. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त कीव.

इंजेक्शन लागू पडलं. थोड्याच वेळात कुत्र्याने सगळं ओकून टाकलं, रबरासकट, आणि काही झालंच नाही अशा थाटात शेपूट हलवायला लागलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरून शिंपी थांबला. कुत्रं घराच्या दिशेने ओढत होतं, तरी तो हलेना.

"तिला फोन लाव," तो म्हणाला. "कुत्रं आजारी आहे म्हण. एकदा येऊन बघून जा म्हणावं."

"अहो, पण ते तर बरं झालं."

"ते तिला कुठे माहितीय?"