न लागलेलं औषध

पापनाशमजवळच्या आरोग्य केंद्रात राज्याच्या अर्थखात्याचे गिरीशराव फ्रिज उघडून उभे होते. "तुमच्या सर्पदंशावरच्या कुप्या वर्षभर कुणाला लागल्याच नाहीत. पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद कशाला? कुणाला चावलाच साप तर तंजावरला पाठवा." डॉक्टर हरिता वाद घालत बसली नाही. "चला सर, शेतावर जाऊन येऊ," म्हणाली. बांधापाशी तिनं चपला काढल्या. "भाताच्या शेतात लक्ष्मी असते, सर. इथं सगळेच अनवाणी उतरतात." गिरीशरावांनी नाइलाजानं बूट काढले. चार पावलं गेले असतील नसतील, तोच पायाशी गवत सळसळलं आणि साहेबांनी अशी उडी मारली की रोपं लावणाऱ्या बाया खो खो हसल्या. "धामण आहे, सार! काही करायची नाही!" एकीनं सांगितलं. हरिता मात्र साहेब आता काय म्हणतात याची वाट बघत होती. घाम पुसत गिरीशरावांनी विचारलं, "डॉक्टर, आपला फ्रिज इथून किती लांब?"