नजरेने पाडलेली भोकं

"मॅडम, ती पहिली चकती आराखड्याबरहुकूम नव्हती," काका दारातूनच म्हणाले.

वर्कशॉपमध्ये त्यांचा तो शेवटचा दिवस होता. तीस वर्षं सरळ रांगेत भोकं पाडली आणि उतारवयात प्रयोगशाळेच्या मॅडमनी वेडीवाकडी पाडायला लावली, अशी सगळे त्यांची चेष्टा करत. पण त्या विस्कळीतपणामागे मॅडमचं गणित होतं. टेराहर्ट्झ लहरी, म्हणजे सूक्ष्मलहरींपेक्षाही आखूड लहरी, कुठूनही आल्या तरी सिरॅमिकच्या त्या पहिल्या चकतीने अडवल्या, आणि मॅडमचं देशोदेशी नाव झालं.

मॅडमनी त्यांना बसवलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. "सांगा."

"काम अर्ध्यावर असताना मशीनमधली फाइल उडाली. तुम्ही विमानात, फोन लागेना. सकाळी पाहुणे चकती बघायला येणार. घाबरलो. उरलेली भोकं भिंग लावून नजरेनेच पाडली. दोन भोकं एकमेकांना खेटू नयेत, एवढंच बघितलं."

काकांनी ग्लासला हातही लावला नव्हता.

खरं दुखणं पुढेच होतं. नंतर त्याच आराखड्यावरून सात चकत्या केल्या. त्या तपासणारी मॅडमची विद्यार्थिनी, सगळे तिला चिमणी म्हणत, सांगत राहिली की सातही चकत्यांतून लहरी आरपार जातात. मोजमापात लबाडी केल्याचा ठपका ठेवून तिलाच संस्थेतून काढलं. जाताना ती वर्कशॉपमध्ये आली होती. "काका, मी खोटं नाही हो मोजलं," एवढंच म्हणाली. काका तेव्हाही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. त्याची त्यांना आजही लाज वाटत होती.

"ती हल्ली औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते," ते म्हणाले. "पोरीचं वाटोळं झालं माझ्यामुळे. तुम्ही संस्थेला पत्र लिहा, तिला परत बोलवा. मला काय शिक्षा व्हायची ती होऊ दे."

"अजून कोणाला सांगितलंत?"

"बायकोलासुद्धा नाही."

मॅडम उठून दार लोटून आल्या. "चूक तुमच्या एकट्याची नाही, काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

काकांना भरून आलं. इतकी वर्षं आपण या बाईला उगाच घाबरलो, असं त्यांना वाटलं.

"तीनेकशे तरी असतील बघा, नजरेने पाडलेली," ते डोळे पुसत म्हणाले.

"दोनशे शहाऐंशी," मॅडम म्हणाल्या. "तिला काढायच्या आदल्या दिवशीच आराखड्याशी ताडून मोजली होती मी."