साठीचा लाल झगा

ज्या वर्षी तात्सुयाला पहिली मुलगी झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच्या आईला, सुमिएला, साठ वर्षं पूर्ण झाली. साठीला माणूस पुन्हा जन्मतो, म्हणून त्याला तान्ह्या बाळासारखं लाल घालतात. सुनेनं दुकानातून लाल बंडी आणि टोपी आणली, फोटो काढला, आणि पाच मिनिटांत सगळं आटपलं.

पण सुमिएपाशी दुसरं लाल कापड होतं. तिच्या आईनं, कियोनं, वृद्धाश्रमात जाण्याआधी तिच्या हातात दिलेलं. "साठीला याचं काहीतरी शिवून घाल आणि मला दाखवायला ये. मी विसरले तरी ये." कियोनं पन्नास वर्षं लोकांचे किमोनो शिवले होते. आता ती रोज थोडं थोडं विसरत होती. गेल्या आठवड्यात तिनं सुमिएला नर्स समजून औषधाची वेळ विचारली होती.

सुमिएनं त्या कापडाचा झगा शिवला. मोठ्या शहरांतल्या पोरी घालतात तसला, बाहुलीचा, घेरदार, झालरींवर झालरी. लहानपणापासून तिला तो हवा होता. वरचा भाग मात्र किमोनोसारखा, एक पदर दुसऱ्यावर घेऊन कडेला फितीनं बांधायचा. आरशात बघत तिनं घाईघाईनं गाठ मारली.

नवऱ्यानं पेपरातून मान वर केली. "अशी जाणार? ट्रामनं?"

"चालत लांब पडतं."

"निदान मागच्या गल्लीनं तरी जा."

ती पुढच्याच गल्लीनं गेली. मोकुसेईची फुलं गळून रस्ता केशरी झाला होता. वास इतका दाट, की पाण्यातून चालल्यासारखं वाटत होतं. झगा तिच्या आधी पोचत होता आणि ती थांबल्यावरही जरा वेळ हलत राहत होता.

ट्राममध्ये दोन जागा रिकाम्या होत्या. घेराला तीन लागल्या असत्या. ती उभी राहिली.

"नीट बघ, आजी आहे ती," शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दुसरीला म्हणाली.

"माझी आजी अशी असती, तर मी घर सोडलं असतं."

"मी तर तिच्याकडे राहायलाच गेले असते."

पिशवी घेतलेल्या एका माणसानं विचारलं, "बाई, कुठल्या दुकानाची जाहिरात ही? काही सूट आहे का?"

"नाही. आईला भेटायला चाललेय."

"आईला?" त्यानं तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. शेजारची बाई उठून मागं जाऊन बसली.

सुमिएचे कान तापले. पुढच्या थांब्यावर दार उघडलं. इथून घर चालत बारा मिनिटं. करडा स्कर्ट खुंटीवरच होता. तिनं एक पाय पायरीवर ठेवला.

"उतरताय का?" चालकानं आरशातून विचारलं.

पुढच्या आठवड्यात आई कदाचित औषधाचंही विचारणार नाही, असं तिच्या मनात आलं. तिनं पाय वर घेतला. "नाही. चालू द्या."

ट्राम वळली आणि ऊन आत आलं. ते झालरींतून झिरपून लाल होऊन खाली पडलं, लोकांच्या बुटांवर, मुलींच्या मोज्यांवर. डोळे मिटून सूर्याकडे बघावं तसा सगळा डबा झाला. पिशवीवाल्यानं पाय बाजूला घेतला. थोड्या वेळानं त्यानं तो हळूच परत त्या लाल उजेडात ठेवला.

कियो खिडकीपाशी बसली होती. "कियोसान, बघा तरी कोण आलंय," नर्स तोंडावर हात धरून हसत म्हणाली.

कियोनं सुमिएच्या तोंडाकडे पाहिलं नाही. झालरींकडेही नाही. तिनं छातीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"कोण गेलं?"

सुमिएनं खाली पाहिलं. उजवा पदर वर आला होता. तसा किमोनो फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात. आरशानं फसवलं होतं. साऱ्या वाटेत लोकांनी झालरीच पाहिल्या होत्या.

"कुणी नाही गेलं, आई. मी घाईत होते."

"जिवंत बाई अशी रस्त्यानं आली?"

कियोनं गाठ सोडली. एरवी तिचे हात चमचा धरतानाही थरथरत. आता ते थरथरत नव्हते. तिनं उजवा पदर आत घेतला, डावा त्याच्यावर आणला, खांद्यावर कापड सारखं केलं आणि फीत अशी आवळली, की सुमिएचा श्वास अडला.

"कुणाची गं तू?"

"कियोची."

"कियो शिवते छान," ती म्हणाली. "पण पोरीला नेसायला शिकवलं नाही तिनं." मग झालर बोटांत धरून तिनं टाके उलटून पाहिले. "उद्या ये. मी शिकवते."

सुमिए दुसऱ्या दिवशी गेली. त्यानंतर रोज गेली, त्याच झग्यात, त्याच ट्रामनं. कियो रोज नव्यानं विचारायची, कुणाची गं तू, आणि नव्यानं गाठ बांधून द्यायची.

कियो त्याच वर्षी दोन डिसेंबरला, दुपारच्या जेवणाआधी गेली.