ठावठिकाणा

"तुझा दादा एवढा वेळ एका जागी बसलाय," पडद्यावर त्याच्या होडीच्या ओळीतल्या आकड्यांकडे पाहत वहिनी म्हणाली. "घरी जेवतानासुद्धा तीनदा उठतो."

बंदराच्या नियंत्रण कक्षात नोकरीला असलेली नणंद हसली, आणि ते हसू ओठांवर असतानाच थिजली. काचेबाहेर लाटा धक्क्यावर चढून फुटत होत्या. अशा वादळात पडद्यावर दादाची होडी सकाळपासून तसूभरही हलली नव्हती. कोणाचीच हलली नव्हती.

पडद्यावरचा होड्यांचा हा फलक चालवणारी स्क्रिप्ट तिने स्वतः लिहिली होती. स्क्रिप्ट होड्यांची यादी ओळीओळीने वाची, प्रत्येक ओळीपाशी थांबून त्या होडीवरच्या यंत्राला ठावठिकाणा विचारण्याची आज्ञा देई, आणि यादी संपली की पुन्हा पहिल्या ओळीवर येई. तिने ती उघडली. उत्तर हाती आल्यावर आज्ञा बंद करावी लागते. बंद केली नाही, तर तीच आज्ञा दुसऱ्यांदा दिल्यावर कोणालाच काही विचारलं जात नाही. जुनं उत्तर निमूटपणे जागेवर राहतं. बंद करणारी ओळ तिथे नव्हती. सकाळी एकदा विचारून झालं होतं. त्यानंतर फलक केवळ आठवत होता.

तिने फोन उचलला. "साहेब, फलकावरचं सगळं सकाळचं आहे. चूक माझी आहे. बचावनौका सोडा."

"सोडतो. पण कुठे?" पलीकडून बंदर अधिकाऱ्यांनी विचारलं.

"थांबा. विचारते."

राहिलेली ओळ लिहून तिने स्क्रिप्ट नव्याने सुरू केली. जुने आकडे पुसले गेले. पहिल्या होडीचं उत्तर आलं. ती किनाऱ्याकडे सरकली होती. दुसरीचं आलं. तिसरीचं रेंगाळत आलं. ओळी खाली खाली भरत गेल्या. दादाच्या ओळीपाशी जागा कोरी राहिली, आणि स्क्रिप्ट पुढे निघून गेली.

"अगं, त्याचं राहिलं," वहिनी म्हणाली.

"राहिलं नाही, वहिनी. विचारलं."

यादीचा दुसरा फेरा झाला. तिसरा झाला. आता दर वेळी खरोखर विचारलं जात होतं. एका होडीचं उत्तर येत नाही, असं तिने फोनवर सांगितलं.

"बाई, एका होडीचं उत्तर नाही म्हणता," फोनमधला आवाज म्हणाला, "मग शोधायला सुरुवात तरी कुठून करू? निदान शेवटची जागा सांगा."

नणंदेची बोटं कळफलकावर थबकली. पुसलेलं आता कुठेही नव्हतं.

वहिनीने तिच्या हातातून फोन घेतला. दुपारभर ती त्या आकड्यांखेरीज दुसऱ्या कशाकडेही पाहत नव्हती. डोळे मिटून, कोणा अनोळखी माणसाला घरचा पत्ता सांगावा तसा, एकेक आकडा सुटा करत ती सांगू लागली.

"लिहून घ्या, साहेब. घाई नको. चुकायला नको."