खाल्लेला पूल

"हे खरे नाही," मंत्री उत्तर वाचून दाखवत होते. "करवंदवाडी येथील फरशी पूल अस्तित्वात आहे. सबब पुढील प्रश्न उद्भवत नाही."

सत्ताधारी बाकांवर हशा पिकला. विरोधी बाकावरच्या आमदार साधनाताई थेटे ताडकन उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महोदय, मी स्वतः जानेवारीत तिथे जाऊन आले. ओढ्यात दगडांशिवाय काही नाही. पूल खाल्लाय तुमच्या खात्यानं! पूल दाखवा, मी राजीनामा देते!"

मंत्र्यांनी सावकाश एक फोटो वर धरला. ओढा, ओढ्यावर कोरा करकरीत पूल, पुलावर एक म्हैस.

"म्हैस आमच्या पक्षाची नाही," मंत्री म्हणाले. मग काय विचारता! खुद्द ताईंच्या मागचे दोघंही तोंडावर रुमाल धरून हसले.

दुसऱ्या दिवशी नाशिकच्या पेपरांत म्हशीसकट बातमी. ताईंच्या इंदिरानगरच्या घरी फोन वाजायचा थांबेना. पक्षाध्यक्षांनी तर स्पष्टच सांगितलं, "ताई, भर सभागृहात बोललात. सोमवारी राजीनामा पाठवा. नाहीतर आपल्या प्रश्नांना उद्या कोण विचारणार?"

ताईंनी पेपरातला फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. स्वतः पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हाच तर त्यांचा लौकिक होता. मंत्री त्यांना टरकायचे ते उगाच नाही.

करवंदवाडीची भागीबाई त्यांच्याकडे आली होती ती जानेवारीत. वाडी इगतपुरीच्या डोंगरात. तिथला आमदार सत्तेतला, तो कशाला बोलतोय! म्हणून बाई एसटी धरून थेट ताईंच्या दारात. "त्र्याण्णव साली पूल मंजूर झाला आमचा. खाल्ला मेल्यांनी." मागच्या आषाढात तिची थोरली सून बाळंतपणात अडली होती. ओढ्याला पाणी, दवाखाना पलीकडे लांब घोटीला. पोर काठावरच गेली. आता धाकटी सून सरिता पोटुशी होती आणि तिचे दिवसही आषाढातच भरत होते.

ताई वाडीवर गेल्या, दगड पाहिले, सून गेली ती जागा पाहिली. मंजुरीचा काही कागद आहे का, असं त्यांनी विचारलंही. भागीबाई म्हणाली, "खानारे कागद ठिवत्यात व्हय ताई?" ताईंना ते पटलं. कुणालाही पटलं असतं. त्र्याण्णवचा पूल कुणी खाल्ला, असा प्रश्न त्यांनी लगेच विधानसभेत टाकला.

रविवारी सकाळीच ताईंनी जीप काढली.

पूल होता. अहो, खरंच होता! ताईंनी उतरून हात लावून पाहिला, चपलेनं ठोकून पाहिला. तेवढ्यात भागीबाई आणि तिचा नवरा झिपरू लगबगीनं आले. मागून पोट सांभाळत सरिताही आली.

"भागीबाई, तोंड काळं केलंत माझं," ताई म्हणाल्या. "हा पूल कुठून आला?"

"तुमच्या परश्नानंच की," भागीबाई म्हणाली. "हा आत्ता झाला, मार्चात."

"काय?"

झिपरूनं सगळं सांगितलं. "परश्न आला तसा बांधकाम खात्याचा सायेब पळत आला. म्हनला, पूल कुठंय? म्या दगडं दावली. तो मटकन खालीच बसला. म्हनं, मागच्या सायबानं खाल्लं आन् मला लटकावलं. जुने कागद शोधले, तर म्हनं उंदरांनी कुरतडले. मग काय, खडी आली, शिमिट आलं, रातंदिस काम. वरून हुकूमच व्हता, सभागृहात उत्तर द्यायच्या आत पूल उभा पायजे."

ताईंच्या जिवात जीव आला. नुसता जीव नाही, अंगात वारंच शिरलं. त्र्याण्णवला पैसे खायचे, प्रश्न आला की घाईघाईनं पूल बांधायचा, आणि वर सभागृहाला सांगायचं की खरे नाही!

"हक्कभंग!" ताई ओरडल्याच. "सापडला बेटा! उद्या दोघं माझ्याबरोबर मुंबईला चला. मला सांगितलंत तेच तिथे सांगायचं. माझा राजीनामा राहू दे, आता मंत्र्याचाच घेते!"

झिपरू टोपी काढून डोकं खाजवायला लागला. सरिता पुलाच्या कडेला टेकली आणि ओढ्याकडे बघत बसली.

"घाबरता कशाला? त्र्याण्णवला पैसे कुणी उचलले ते मी शोधते ना."

"कुनीच नाय उचलले," भागीबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"पूल मंजूरच झाला नव्हता, ताई. कवाच नाय. लय अर्ज केले, पाया पडलो. थोरली गेली तरी कुनी ढुंकून बघितलं नाय. मंग म्हनलं, पूल द्या म्हनून कोन देतंय? खाल्ला म्हनू. खाल्ला म्हनलं की समद्यांला खरं वाटतं. सरकारला बी वाटलं."

ताई मटकन पुलावर बसल्या. म्हणजे मंत्री खरं बोलला होता. अख्ख्या सभागृहात खोटं बोललेलं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे त्या स्वतः.

भागीबाईनं पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला. शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"राजीनामा उद्या हाय नव्हं, ताई? मंग आज येवढं करा. आमचा दवाखाना कुनी खाल्ला, त्यो परश्न टाका."