फळ्याचं पेन

मीटिंगरूममधल्या फळ्याला पेन एकच, आणि ते सहा वर्षं साहेबांच्या शर्टाच्या खिशात. साहेबच लिहिणार, साहेबच पुसणार. म्हणून ऑनलाइन फळा घ्यायची टूम निघाली तेव्हा टेस्टिंगवाल्या ताईने चार सॉफ्टवेअरची तुलना करायचं काम हौसेने अंगावर घेतलं. तीन आठवडे डोळे फोडून तिने तक्ता बनवला. आज साहेब तो मोबाइलवर बोट फिरवत ऐकत होते.

"पहिल्यात आकृत्या सुबक येतात," ताई म्हणाली, "पण दुसऱ्यात आपण आठही जण एकाच वेळी लिहू शकतो. नाव न देता मतही मांडता येतं."

"नाव न देता?" साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे कोण काय बरळलं ते मला कळणारच नाही?"

"नाही, साहेब."

"मग ते बाद. तिसऱ्यात काय आहे?"

"त्यात कुणी लिहायचं आणि कुणी नुसतं बघायचं, ते ठरवता येतं."

साहेबांची कळी खुलली. "वा! टीमवर्क म्हणतात ते हेच. हेच घेऊन टाका. लिहायचं मी बघतो, तुम्ही सगळे निवांत बघत बसा."

बाकीच्या सहा जणांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. ताईने लॅपटॉप मिटला. तीन आठवडे राब राब राबून तिने साहेबांच्या शर्टाला आणखी एक खिसा शिवून दिला होता.