ओफोसूची दोन बोटं

"हात बाहेर काढ की! नव्या नवरीसारखा लाजतोस काय?" राणीमातेचा प्रवक्ता बोआतेन खेकसला.

म्हाताऱ्या ओफोसूने वस्त्राआडून उजवा हात काढला आणि लगेच परत आत घेतला. दोन बोटं मुळापासून गेलेली. सकाळपासून तो अंगणात अनवाणी, खांदे उघडे टाकून ताटकळत होता. लढाईत जायबंदी झालेल्या राजसेवकाला राजवाड्यामागे खोपटं आणि मरेपर्यंत दोन वेळचं फुफू मिळायचं. ते मिळालं नाही तर येता पावसाळा त्याला काही झेपणार नव्हता. तरी सारखं पळून जावंसं वाटत होतं. कोणी ओळखलं तर?

ओसरीवर राणीमाता बसल्या होत्या. नजर जवळजवळ गेलेली. गाऱ्हाणं घेऊन आलेल्याशी त्या थेट बोलत नसत. सगळं बोआतेनच्या तोंडून चाले.

"राणीमाता विचारतात, बोटं कुठे घालवलीस?"

"त्यांच्या लेकाच्या, राजे दांक्वांच्या लढाईत," ओफोसू पुटपुटला. "राजांची बंदूक मी वाहायचो."

"मजा आहे बुवा!" बोआतेन लोकांकडे वळला. "अंगाला एवढीशी खोट असली तर राजाच्या चौरंगावर बसून राज्य करता येत नाही. आणि चाकराची दोन बोटं गेली की बसून खायला मिळतं!"

सगळे खो खो हसले.

साक्षीला त्या लढाईतला आदोमाको कुबडी टेकत पुढे आला. लढाईचं नाव निघालं की याच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

"पोरसवदा राजा, दुसरं काय होणार? राणीमातेचे थोरले भाऊ बिबट्याच्या तोंडी गेले नसते तर चौरंगावर तेच बसले असते. मग कसली लढाई नि कसलं काय!"

"आजोबा, मुद्द्याचं बोला. हा माणूस लढाईत होता का?"

आदोमाको वाकून बघू लागला. ओफोसूने मान आणखी खाली घातली.

"अरे, हाच तो! यानेच मला पाठुंगळीला मारून नदीपार नेलं!"

ओफोसूचा जीव भांड्यात पडला.

"आणि काय बंदूक ठासायचा म्हणून सांगू! तीन बोटांनी! आम्ही बघतच राहायचो."

बोआतेनचे डोळे बारीक झाले. "ठासायचा तेव्हा तीनच बोटं होती? म्हणजे लढाईच्या आधीच गेलेली?"

आदोमाकोने जीभ चावली, पण आता काय उपयोग?

"लबाड कुठला! राणीमातेच्या अन्नावर डोळा? हाकला रे याला!"

दोघांनी ओफोसूला दंडाला धरलं. त्याने काही विनवणी केली नाही. उलट सुटलो बुवा, असंच त्याला वाटलं, आणि तो आपणहून दाराकडे निघाला.

तेवढ्यात राणीमातेने हात वर केला. ओफोसूला ओसरीवर नेण्यात आलं. त्यांनी त्याचा पंजा हातात घेतला आणि तुटक्या बोटांच्या जागेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग त्या बोआतेनच्या कानाशी काही बोलल्या. बोआतेनचा चेहरा उतरला. त्याने अंगण रिकामं केलं आणि शेवटी स्वतःही बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

राणीमातेने पंजा सोडला नव्हता.

"दादा," त्या म्हणाल्या, "मी कोयता उचलला तेव्हा तू हात मागे का नाही रे घेतलास?"